ग्राफीन घातलेली फायबर सळी : गोठ्याच्या फरशीला १० ऐवजी ६ मिमी चालेल का?

निपाणीचा_गोठा
मंडळी, नमस्कार. काम असं आहे : म्हशींचा गोठा, ३० बाय ६० फूट, जमिनीवरच टेकलेली काँक्रीटची फरशी, जाडी १२५ मिमी, काँक्रीट एम२५ प्रतीचं. जागा निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातली, खाली काळी माती. मूत, शेण आणि रोजचं पाणी यामुळं लोखंडी सळी गंजून पापुद्रे सुटतात, म्हणून फायबर सळी घालायचा विचार आहे. कोटेशन आलंय ते 'ग्राफीनयुक्त जीएफआरपी' सळीचं, म्हणजे काचतंतू रेझिनमध्ये (राळेत) बसवून केलेली सळी, आणि त्या रेझिनमध्ये ग्राफीन (कार्बनचा अणूभर जाडीचा थर) मिसळलेलं. काळीकुळकुळीत सळी, वर वाळूचा थर. म्हणणं असं, की ग्राफीनमुळं ताकद इतकी वाढते की १० मिमी लोखंडाऐवजी ६ मिमी सळी ३०० मिमी अंतरानं टाकली तरी पुरे. (कोटेशन कन्नडात, माहितीपत्रक इंग्रजीत, आणि वाद आता मराठीत!) यात खरं किती?

पीबीरोड_ताई
दादा, गोठ्याच्या फरशीला फायबर सळी ही निवड चांगली आहे. ६ मिमीचा हिशेब मात्र चुकीचा आहे.

जमिनीवर टेकलेल्या फरशीत सळीचं काम वजन पेलणं हे नसतं. काँक्रीट आकसताना पडणाऱ्या भेगा बारीक ठेवणं हे तिचं काम. भेग बारीक ठेवायला ताकद नाही, ताठरपणा लागतो. लोखंडाचा ताठरपणा, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, २०० गिगापास्कल. काचतंतूच्या सळीचा ४५ ते ६०. म्हणजे तेवढ्याच ओढीला फायबर सळी साधारण चौपट ताणते आणि भेग रुंद होते.

आता आकडे. लोखंडासाठी आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटच्या छेदाच्या ०.१२ टक्के सळी, म्हणजे १२५ मिमी जाडीला मीटरमागे १५० चौमिमी. ८ मिमी टॉर ३०० वर टाकली की झालं. मुळात तुमच्या फरशीला १० मिमी लोखंडाचीही गरज नव्हती.

फायबर सळीसाठी अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या एसीआय ४४०.१आर-१५ चं सूत्र घ्या : ०.००१८ × (४१४ भागिले सळीची डिझाइन ताकद) × (लोखंडाचा गुणांक भागिले सळीचा गुणांक). १० मिमी सळीची हमी ताकद ८३० मेगापास्कलच्या आसपास, ओल्या जागेसाठी ०.७ चा गुणक लावला की ५८०. सूत्रातून येतं ०.००५४. पण त्याच सूत्राला वरची मर्यादा ०.००३६ आहे, तीच घ्यायची. ०.००३६ × १००० × १२५ = मीटरमागे ४५० चौमिमी, दोन्ही दिशांना. १० मिमी सळी १७० वर, नाहीतर ८ मिमी ११० वर.

तुम्हाला सांगितलेली ६ मिमी ३०० वर म्हणजे ९४ चौमिमी. गरजेच्या जेमतेम पाचवा भाग.

चिक्कोडीकर
ताई, हा हिशेब साध्या फायबर सळीचा झाला. ग्राफीनचा गुणांक १ टेरापास्कल, म्हणजे १००० गिगापास्कल. लोखंडाच्या पाचपट. ते घातल्यावर सळी ताठ व्हायला नको का? की सरसकट सगळ्या नव्या गोष्टींना आपण नाहीच म्हणायचं?

रेझिनराव
अण्णा, १ टेरापास्कल बरोबर आहे. पण तो एका थराच्या, निर्दोष ग्राफीनचा, त्याच्याच पातळीतला. २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटपासून वेगळा काढला तो. सळीत जातं ते याचं चुलत भावंड : ग्राफीन नॅनोप्लेटलेट्स, म्हणजे काही थरांपासून काही डझन थरांपर्यंतच्या चकत्या. आणि जातं किती? रेझिनच्या ०.१ ते ०.५ टक्के. आधी तुमच्या सळीत ते किती ग्रॅम आहे ते बघू.

सळीच्या वजनात ७५ टक्के काच, २५ टक्के रेझिन धरा. १० मिमी सळीचं वजन मीटरला साधारण १६० ग्रॅम. त्यात रेझिन ४० ग्रॅम. ०.३ टक्क्यानं ग्राफीन ०.१२ ग्रॅम. ताईंच्या हिशेबानं गोठ्याला १० मिमी सळी जोडांसकट २१५० मीटरच्या आसपास लागेल, वजन ३४४ किलो. अख्ख्या गोठ्यात ग्राफीन पाव किलो.

आता ताठरपणा. वजनात ७५ टक्के काच म्हणजे आकारमानात ५७ टक्के. काचेचा गुणांक ८०, व्हिनाइल इस्टरचा (म्हणजे सळीतल्या रेझिनचा) ३.५ गिगापास्कल. सळीचा गुणांक = ०.५७ × ८० + ०.४३ × ३.५ = ४५.६ + १.५ = ४७.१. समजा ग्राफीननं रेझिनचा गुणांक २० टक्के वाढवला, ३.५ चा ४.२ झाला. दुसरा आकडा १.५ चा १.८ होतो. बेरीज ४७.४. वाढ अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर.

सगळी मेख इथंच आहे. ग्राफीन रेझिनमध्ये असतं आणि सळीची लांबीच्या दिशेची ओढ काच घेते. रेझिन कितीही सुधारलं तरी सळी ताठ होत नाही, म्हणून व्यास कमी करायला ग्राफीन हे कारण होऊच शकत नाही. ताठरपणा हवाच असेल तर काचेचं प्रमाण वाढवा, जास्त गुणांकाची काच घ्या. एएसटीएम डी८५०५ या अमेरिकन मानकात किमान ६० गिगापास्कलचा वर्ग आहे. जुन्या डी७९५७ मध्ये किमान ४४.८ आहे. तोही फरक काचेनं येतो.

चिक्कोडीकर
मग शोधनिबंधांत ताकद २०-३० टक्के वाढल्याचं येतं ते काय खोटं असतंय?

रेझिनराव
खोटं नसतं. बहुतेक वेळा तो नमुना नुसत्या रेझिनचा असतो. साच्यात ओतलेला डंबेलच्या आकाराचा तुकडा, त्यात तंतूच नसतात. किंवा वाढ मोजलेली असते ती थरांमधल्या कातर ताकदीची, चिवटपणाची. दोन्ही रेझिनचे गुण. माहितीपत्रकात तोच आकडा 'सळीची ताकद' म्हणून छापतात, घोटाळा तिथं होतो.

आणखी एक गोंधळ. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एम्सबरीत एका जिमची फरशी ग्राफीन घातलेल्या काँक्रीटची केली, त्यात सळी वगळली. त्याच्या बातम्या फिरतात. ते ग्राफीन काँक्रीटमध्ये होतं. सळीशी त्याचा संबंध नाही.

लॅबवाला_उद्यमबाग
रावांच्या बोलण्यात भर. हमी ताकद काढतात ती सरासरीतून तीन प्रमाण विचलनं (विचलन म्हणजे नमुन्यांचे आकडे किती पसरलेत त्याचं माप) वजा करून. समजा साध्या सळीची सरासरी १००० मेगापास्कल, विचलन ३०. हमी येते ९१०. ग्राफीन घालून सरासरी १०४० झाली, पण चकत्यांचे गोळे राहिल्यानं विचलन ५५ झालं, तर हमी ८७५. सरासरी वाढली आणि हमी उतरली. म्हणून 'सरासरी ताकद' लिहिलेला कागद परत पाठवा, 'हमी ताकद' मागा.

निपाणीचा_गोठा
म्हणजे ग्राफीन निव्वळ जाहिरात? मग कुणी घालतं तरी कशाला?

रेझिनराव
निव्वळ जाहिरात नाही. त्याची जागा वेगळी आहे, आणि गोठ्यासारख्या ओल्या जागेत ती कामाची ठरू शकते.

काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच साडेबारा ते साडेतेरा. हे अल्कधर्मी पाणी रेझिनमधून हळूहळू झिरपतं, काचेपर्यंत पोचतं, काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडतं. काच आणि रेझिनचा जोड सुटतो. फायबर सळी म्हातारी होते ती अशी. ग्राफीनची चकती पाण्याला आरपार जाऊ देत नाही, पाण्याला वळसा घालून जावं लागतं. वाट लांबली की झिरप मंदावते.

किती मंदावते? ०.३ टक्के वजन म्हणजे आकारमानात ०.१६ टक्के. चकतीची रुंदी जाडीच्या ५०० पट असेल आणि सगळ्या चकत्या आडव्या, सुट्या पसरल्या असतील, तर नील्सनच्या सूत्रानं झिरप सुमारे ३० टक्के घटते. त्याच चकत्या एकमेकींना चिकटून गोळे झाले आणि गुणोत्तर ५० वर आलं, तर घट ४ टक्के. माल तोच, वजन तेच. फरक फक्त पसरवण्याचा. (सळीत चकत्या सूत्रासारख्या ओळीत बसत नसतात, ३० हे कमाल समजा.)

म्हणून विक्रेत्याला 'ग्राफीन किती टक्के' एवढंच विचारून भागत नाही. 'कसं पसरवता' हे विचारा. गप्प झाला तर समजून जा.

चिक्कोडीकर
राव, मग सांगाच की कसं पसरवायचं ते. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे दोघं-तिघं पुलट्रूजनची (रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतू तापलेल्या डायमधून, म्हणजे साच्यातून, ओढून सळी करायची) लाइन टाकायचं म्हणालेत.

रेझिनराव
चाचणीसाठी २० किलोचा घाणा घेऊ, ग्राफीन ०.२५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम.

ग्राफीनची पूड थेट २० किलोत ओतून घुसळायची नाही. आधी दाट मिश्रण करायचं : ९५० ग्रॅम व्हिनाइल इस्टरमध्ये ५० ग्रॅम. पूड हलकी, उडते; मास्क लावून, पंखा बंद ठेवून, हळू ढवळत सोडायची. मग तीन रोलांच्या गिरणीतून तीन-चार फेऱ्या, दर फेरीला रोलांमधली फट कमी करत. इथं पहिली चूक होते. व्हिनाइल इस्टरमध्ये बरंच स्टायरीन असतं, साधारण ३५ ते ४५ टक्के, आणि उघड्या रोलांवर ते उडून जातं. मिश्रण दाट होत जातं आणि लोकांना वाटतं ग्राफीन छान मिसळलं. फेरीआधी आणि फेरीनंतर वजन करा, जेवढं घटलं तेवढं स्टायरीन परत घाला, रोलांना थंड पाणी चालू ठेवा. बंद भांड्याची मणी-गिरणी असेल तर हा त्रास कमी. ध्वनिलहरींचा दांडा वापरत असाल तर थांबत थांबत चालवा. जास्त वेळ लावला की चकत्याच तुटतात, रुंदी-जाडीचं गुणोत्तर पडतं आणि वरचा ३० टक्क्यांचा हिशेब गेला.

हे १ किलो मग १९ किलो रेझिनमध्ये. खळगीच्या पट्टीवर (रंगवाले वापरतात तीच) थेंब ओढून बघा, रेघोट्या किंवा दाणे दिसले तर परत गिरणीत. काचेच्या बरणीत २४ तास ठेवा. तळाला गाळ आणि वर पिवळट पट्टा दिसला तर लाइनच्या टाकीतही तेच होणार : सकाळची सळी एक, संध्याकाळची दुसरी.

पेरॉक्साइड (रेझिन पिकवणारं रसायन) सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी जेल-टाइम (रेझिन आळायला लागणारा वेळ) साध्या रेझिनशी ताडून बघायचा. ग्राफीनच्या पृष्ठभागावर, विशेषतः ग्राफीन ऑक्साइड असेल तर, मुक्त मूलकं (रेझिन पिकवणारे कण) अडकतात आणि रेझिन पिकायला वेळ लागतो. जुन्याच वेगानं लाइन ओढली तर सळी बाहेरून टणक, आतून कच्ची. कच्च्या रेझिनचं काच-संक्रमण तापमान (ज्याला रेझिन मऊ पडतं ते) घसरतं, ते मानकात किमान १०० अंश हवं. वेग कमी करा, नाहीतर डायचं तापमान आणि पेरॉक्साइडचं प्रमाण नव्यानं बसवा.

ग्राफीन ऑक्साइडबद्दल अजून एक. ते रेझिनमध्ये पसरायला सोपं, म्हणून मोह होतो. पण त्याच्या अंगावरचे ऑक्सिजनचे गट पाण्याला धरतात. पाणी अडवायला नेमलेला दारवान पाहुण्याला हाताला धरून आत आणणार! झिरप थांबवायची तर क्षपित केलेलं (ऑक्सिजन काढलेलं) किंवा सिलेनची प्रक्रिया केलेलं घ्या.

लॅबवाला_उद्यमबाग
रावांनी गाळणीचा मुद्दा सोडला, तो मी सांगतो, कारण कापलेल्या टोकावर तो डोळ्यांना दिसतो.

रोव्हिंगच्या (न पिळलेल्या काचतंतूंच्या) जुडग्यात काचतंतू १३ ते २४ मायक्रॉन जाड, आणि त्यांच्यामधल्या फटी त्याहून कितीतरी अरुंद, काही मायक्रॉनच्या. चकती ५ ते २५ मायक्रॉन रुंद असली की रेझिन आत जातं, चकती बाहेरच अडकते. जुडगा म्हणजे चहाची गाळणीच. सळी हिऱ्याच्या पातीनं आडवी कापा, टोक १२०, ४००, मग १००० च्या पाण्याच्या कागदावर घासा, पुसा आणि दहापट भिंगाखाली धरा. चांगल्या सळीत सगळीकडे सारखा करडा रंग दिसतो. गाळलेल्या सळीत कडेला काळं कडं, आत फिकट हिरवट गाभा, आणि जुडग्यांच्या मधे काळ्या नसा, मांजराच्या डोळ्यासारख्या. अशा सळीत ग्राफीन आहे, पण जिथं काच आहे तिथं नाही. उपाय म्हणजे लहान चकती, पातळ रेझिन, किंवा ग्राफीन रेझिनऐवजी काचतंतूच्या लेपातच देणं. शेवटचा मार्ग मला जास्त पटतो : पाणी हल्ला करतं ती जागा काच आणि रेझिनचा सांधा, पहारेकरी तिथंच उभा करावा.

भिंगाखाली बघतानाच बुडबुडेही बघा. ग्राफीननं रेझिन दाटतं, दाट रेझिन तंतूंत नीट शिरत नाही, हवा राहते. सोपी परीक्षा : इंचभर तुकडा कापून ताटलीत दोन-तीन मिमी रंगीत पाण्यात उभा करा, पंधरा मिनिटं. वरच्या टोकाला रंगाचे ठिपके उगवले तर सळीत नळ्या आहेत. अशी सळी गोठ्यात नको. मूत त्याच नळ्यांतून चढेल.

निपाणीचा_गोठा
सळी काळी आहे म्हणजे ग्राफीन आहे, एवढं तरी धरायचं का?

लॅबवाला_उद्यमबाग
अजिबात नाही. अर्धा टक्का काजळी-रंग घातला तरी तेवढीच काळी होते. बेसाल्टची सळी तर जन्मजात काळपट. ग्राफीनची ओळख पटते रामन वर्णपटावर (लेझरचा उजेड टाकून पदार्थ ओळखायची चाचणी) : १५८० च्या आसपासची 'जी' नावाची रेघ, २७०० च्या आसपासची '२डी', आणि दोष दाखवणारी १३५० ची 'डी'. काजळीत २डी रेघ अशी ठसठशीत नसते. सळीतून बघताना रेझिनची चमक आडवी येते, म्हणून कारखान्यात वापरलेल्या पुडीचाच नमुना मागा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात उपकरण केंद्र आहे, निपाणीहून तासाभराचा रस्ता, तिथं चौकशी करा.

पुडीवरही डोळे झाकून विश्वास नको. २०१८ मध्ये जगभरच्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत खऱ्या ग्राफीनचं प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी निघालं. उरलेलं बारीक ग्रॅफाइट. आयएसओच्या व्याख्येत दहा थरांपर्यंतच ग्राफीन म्हणतात, त्यापुढं ते ग्रॅफाइट.

चिक्कोडीकर
बरं, हरलो. पण गोठ्याला कोणते कागद मागायचे ते तरी एका जागी सांगा.

लॅबवाला_उद्यमबाग
आपल्याकडं आयएस १८२५६ : २०२३ आहे, काचतंतूच्या सळीसाठी. त्याप्रमाणं चाचणी अहवाल मागा, पुरवठ्याच्या लॉटचा, दोन वर्षांपूर्वीचा नको. काच वजनात किमान ७० टक्के. तुकडा भट्टीत जाळून उरलेली काच तोलली की कळतं (वाळूचा थर आधी वेगळा करा, नाहीतर वाळू काचेत मोजली जाते, हे सर्रास होतं). डी७९५७ मध्ये २४ तासांत ५० अंशाच्या पाण्यात वजनवाढ ०.२५ टक्क्याच्या आत, पूर्ण भिजल्यावर १ टक्क्याच्या आत. काँक्रीटशी पकड किमान ७.६ मेगापास्कल.

आणि मुख्य : ६० अंशाच्या अल्कधर्मी द्रावात ९० दिवस, त्यानंतर ८० टक्के ताकद शिल्लक. ग्राफीनचे जादा पैसे मागत असतील तर हा अहवाल जोडीनं मागा. तीच काच, तेच रेझिन, तीच लाइन, एक ग्राफीनसह, एक ग्राफीनविना. ग्राफीनची सळी ९३ वर आणि साधी ८५ वर असेल तर पैसे द्या. दोन्ही ८५ वर असतील तर काळ्या रंगाचे पैसे कशाला?

ओढ-चाचणीला एक सूचना. कॉलेजच्या यंत्रात सळी थेट जबड्यात धरू नका. जबडा सळी चिरडतो, ताकद निम्मी येते आणि वाद वाढतात. दोन्ही टोकांना ३०० मिमी लांब, जाड भिंतीचे लोखंडी नळे, आत फुगणारं सिमेंट किंवा इपॉक्सी, सळी बरोबर मध्यावर. नळ्यांमधली मोकळी लांबी व्यासाच्या ४० पट, १० मिमीला ४०० मिमी. तुटताना सळी झाडूसारखी पिंजारली पाहिजे. नळ्याच्या तोंडाशी साफ तुटली किंवा सरकून बाहेर आली तर ती चाचणी मोजायची नाही.

निपाणीचा_गोठा
ताई, गोठ्यावर वैरणीचा माळा आहे, साडेतीन मीटर गाळा. तिथंही हीच सळी चालेल का? आणि शेजारच्या कारखान्यातले मित्र विचारतायत, मळीच्या पाण्याच्या टाकीला?

पीबीरोड_ताई
माळ्याला नको. तुलनेला १२५ मिमीचा स्लॅब, परिणामी खोली (वरून सळीपर्यंतची) १०० मिमी, १० मिमी सळी १५० वर घ्या. भेगाळलेल्या छेदाचं जडत्व (वाकायला होणारा विरोध) लोखंडानं मीटरमागे २८.८ × १० चा सहावा घात मिमी-चौघात येतं. त्याच जागी १० मिमी फायबर सळी टाकली तर ८.२. 'ताकद जास्त' म्हणून ८ मिमी टाकली तर ५.४. म्हणजे भेगा पडल्यावर स्लॅब साडेतीन ते सव्वापाच पट जास्त वाकणार. वैरण कायमची वर, आणि काचेच्या सळीला कायमचा भार सोसत नाही : एसीआय ४४०.१आर मध्ये कायमचा ताण ताकदीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरलाय, नव्या ४४०.११-२२ मध्ये ३०. शिवाय सळी लोखंडासारखी आधी ताणून इशारा देत नाही, एकदम तुटते. वैरणीला आग लागली तर शंभर-सव्वाशे अंशालाच रेझिन मऊ होऊन पकड सुटते. त्याच कारणानं गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळही ही सळी नको. तुळई-खांबांत तर विषयच नको. तिथं लोखंडाचं ताणणं हाच आपला आधार.

मळीच्या पाण्याचं वेगळं. ते आम्ल असतं. सळी टिकेल, पण आम्ल काँक्रीटलाच खातं. आधी आतून आम्लरोधक अस्तर, मग सळीचा विचार. शिवाय टाकीच्या भिंतींत कोपऱ्याच्या वळवलेल्या सळ्या लागतात, त्या कारखान्यातूनच वळवून याव्या लागतात. वळणावर ताकद सरळ सळीच्या साधारण ६० टक्के धरायची.

आणि गोठ्याला काळी माती आहे हे विसरू नका. ती फुगली की कोणतीच सळी फरशी वाचवत नाही. माती काढून मुरूम भरा, दाबा, पाण्याचा निचरा करा, ४ ते ४.५ मीटरवर सांधे कापा. सळीपेक्षा जास्त फरक त्यानं पडेल.

तात्या_मेस्त्री
ताई, राव, सगळं खरं. पण जागेवर काय होतंय ते कुणी सांगत न्हाई, ते ऐका.

ही सळी काँक्रीटपेक्षा हलकी. व्हायब्रेटर लावला की जाळी हळूच वर येते, आणि फिनिशिंग करणाऱ्याच्या थापीला लागते. म्हणून जाळी कव्हर ब्लॉकला नुसती ठेवायची न्हाई, बांधायची. ब्लॉक सिमेंटचे, तार बसवलेले, ६०० मिमीवर. सळी लवचीक, माणूस वर चालला की ब्लॉकांच्या मधे खाली जातीया आणि पाय काढला की उडतीया. चालायला फळ्या टाका. सांध्याला ४०० मिमीपेक्षा कमी आच्छादन नको, दोन ठिकाणी बांधा.

तोडायला लोखंडाची कात्री वापरू नका, टोक पिंजारतंय. ग्राइंडरला हिऱ्याची पात लावा, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती काचेची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज. आणि जागेवर गरम करून वळवायचा उद्योग कुणी केला तर सळी फेकून द्या; वळलेली दिसतीया पण आत पिचलेली असतीया.

गुंडाळी येते, ती सोडताना दोघं लागतात. तार तोडली की स्प्रिंगसारखी उसळून तोंडावर येतीया. आल्या आल्या ताडपत्री टाका, ऊन खाऊ देऊ नका.

निपाणीचा_गोठा
तात्या, उपकार झाले. आता कोटेशन असं परत मागवतोय : १० मिमी, मीटरच्या भावात (किलोच्या नाही), साधी आणि ग्राफीनची दोन्ही वेगळी, हमी ताकद, काचेचं प्रमाण आणि ९० दिवसांचा जोड-अहवाल. २१५० मीटर बरोबर आहे ना?

पीबीरोड_ताई
१६७ चौमीटर, १७० वर दोन्ही दिशांना, म्हणजे १९६५ मीटर, वर सांध्यांना साधारण १० टक्के. बरोबर. ८ मिमीचाही भाव मागा. ११० वर ती जवळपास ३३४० मीटर जाईल. जाळी घट्ट असल्यानं भेगा अजून बारीक, पण बांधायच्या गाठी अडीचपट.

तात्या_मेस्त्री
गाठींची मजुरी आधी विचारून घ्या, मग ८ मिमी म्हणा.